नऊ विती

फिस्स.

श्रावण सरत आला तरी अकोल्याचं ऊन उतरायचं नाव घेत नव्हतं. दुपारी वीज गेलेली, कूलर मुका, सासूबाई फरशीवर ओला टॉवेल अंथरून डोळे मिटून पडलेल्या, गल्लीत कुणाच्या चपलेचाही आवाज नाही. आणि त्या शांततेत भेंडी शिंकली. गार्गीनं वहीतून मान वर केली. खिडकीच्या काचेवर पांढरे बारीक ठिपके उडाले होते. मीठ. अंगातलं जास्तीचं मीठ इगुआना, घोरपडीएवढा हा परदेशी सरडा, नाकावाटे असं उडवून टाकतो. सव्वा वर्षापूर्वी तिला हे ठाऊक नव्हतं. आता ती काच पुसणं दूध तापवण्याइतकं अंगवळणी पडलं होतं.

भेंडी खिडकीपाशी, जुन्या कूलरच्या टपावर पसरली होती. अंगाचा रंग पोपटी, शेपटीवर राखाडी पट्टे, पाठीवर मऊ काट्यांची रांग, गळ्याखाली लोंबती झालर. घरातली माणसं उकडून अर्धमेली झालेली, आणि ही मात्र माहेरी आल्यासारखी निवांत. नाव राहीनं ठेवलेलं. गेल्या आषाढात पेटारा घरी आला तेव्हा सहा वर्षांच्या राहीनं जाळीतून आत पाहिलं आणि निकाल दिला, "ही तर जून झालेली भेंडी आहे." पेटाऱ्यासोबत आलेल्या कार्डावर सोळा अंकी क्रमांक होता, तो पुन्हा कुणी वाचला नाही.

गार्गीनं राहीला हाक मारली. पाचला बाबांचा फोन यायचा होता, त्याआधी मोजून घ्यायला हवं होतं.

राही स्टुलावर चढली. भेंडीच्या नाकापाशी अंगठा ठेवला, हात ताणून करंगळी टेकवली, मग करंगळीच्या जागी अंगठा. अळी चालते तसा तिचा हात भेंडीच्या पाठीवरून चालत गेला, शेपटीच्या वळणाबरोबर वळला आणि टोकाशी थांबला. भेंडीनं डोळे मिटून घेतले होते. हे सुख ती जगात फक्त राहीच्या हातून घेई.

"नऊ," राही म्हणाली.

गार्गीनं वहीत लिहिलं: नऊ विती. गुणिले तेरा. एकशे सतरा सेंटीमीटर. वरच्या ओळीतही तेच होतं, तिच्या वरच्या ओळीतही तेच. मागच्या सगळ्या पानांवर तेच. कधी नऊला बोटभर कमी, कधी बोटभर जास्त, पण नऊच.

इतकी साधी गोष्ट टेपनं का मोजत नाही, असं कुणीही विचारील. शेजारच्या फाटेकाकू विचारायच्याच. खरं तर मोजायला, भेंडीला पाठवणाऱ्या संस्थेनं एक चटई दिली होती. भेंडी तिच्यावर झोपली की आकडा आपोआप दिसायचा. ती चटई पहिल्याच आठवड्यात विजेच्या झटक्यानं जळाली. टेप पुढे केला की भेंडीला तो साप वाटे. तिच्या शेपटीचा एक फटका गार्गीच्या मनगटावर अजून पुसट दिसत होता. दोरीचीही तीच गत. मदतकेंद्रावरच्या माणसाला हे सांगितलं तेव्हा तो जांभई आवरत म्हणाला, की ताई, तुम्हाला जमेल तसं मोजा, फक्त कशानं मोजलं ते लिहून ठेवा. म्हणून वहीच्या पहिल्याच पानावर गार्गीनं राहीचा पंजा ताणून ठेवला होता, भोवतीनं निळं पेन फिरवलं होतं, आणि खाली नीट लिहिलं होतं: एक वीत म्हणजे तेरा सेंटीमीटर.

मोजणं हा तिचा धंदाच होता. ती डाळमिलच्या प्रयोगशाळेत तुरीच्या दाण्याचा आकार आणि ओलावा तपासायची. दर सोमवारी सकाळी प्रमाणित वजनं ठेवून तिथला काटा तपासल्याशिवाय ती एक दाणाही तोलत नसे.

आणि भेंडी किती वाढली, यावर तिचा नवरा किती वाढणार, हे ठरणार होतं.

मल्हार घाटोळ बोअरवेलचा माणूस. त्यानं खणलेलं बोअर कोरडं गेलं असं तीन तालुक्यांत कुणी म्हणत नसे. चंद्राच्या दक्षिण टोकाला, सावलीतल्या खड्ड्यांत बर्फ सापडला आणि तो खणून काढायला माणसं हवी झाली, तेव्हा संस्थेतल्या निवड करणाऱ्यांनी पदव्यांपेक्षा हात पाहिले. मल्हारचा हात त्यांना आवडला. त्याचं शरीर मात्र जरा मोठं वाटलं.

चंद्रावर नेलेल्या प्रत्येक किलोला इंधन लागतं. माणूस जितका मोठा, तितकं त्याला अन्न जास्त, पाणी जास्त, श्वासाला हवा जास्त. शिवाय तिथं वजन जेमतेम सहावा हिस्सा जाणवतं, त्यामुळं हाडं झिजतात, आणि झिजतात तीही कशीही, कमरेतून जास्त, हातातून कमी. परतलेला माणूस घरच्या उंबऱ्याला अडखळला तरी मोडायचा. यावर तोड सापडली ती प्रशांत महासागरातल्या काही बेटांवर. तिथले इगुआना समुद्रात बुडी मारून शेवाळ खातात. एखाद्या वर्षी समुद्र तापतो, शेवाळ मरतं, खायला काही उरत नाही. मग हे प्राणी नुसते वाळत नाहीत, लांबीनंच आखूड होतात. हाडं आतून शोषली जातात, पण सगळीकडून सारखी. चांगला शिंपी कपडा सगळीकडून सारखा आत घेतो तशी. शेवाळ परतलं की हाडंही परत भरतात. शरीरात हे सुरू करणारी कळ सापडायला तीस वर्षं गेली. मग ती आधी हिरव्या इगुआनात बसवून पाहिली, आणि नंतर माणसात. हाड झिजणारच असेल तर निदान शिस्तीत झिजू दे, असा सगळा हिशेब होता.

मल्हार गेला तेव्हा एकशे सत्तर सेंटीमीटर होता. दीड वर्षात एकशे चोपन्न झाला. परतल्यावर दुसरं इंजेक्शन, आणि वर्षा-दीड वर्षात पूर्ववत.

प्रत्येक खाणकामगाराच्या घरी संस्थेनं एकेक इगुआना पाठवला. आधीच आखूड केलेला, आणि भरून येण्याचं इंजेक्शन नुकतंच दिलेला. घरच्यांनी, विशेषतः मुलांनी, आकार परत येताना डोळ्यांनी पाहावा, म्हणजे बाबा लहान होऊन आले तर घाबरायला होणार नाही. सोबतच्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत बजावलं होतं, की या प्राण्यावरून आपल्या माणसाबद्दल अंदाज बांधू नये. ते वाक्य सोडून सगळ्यांनी सगळं मनावर घेतलं.

इगुआनाची पूर्ण वाढ म्हणजे केवढी, हेही एक कोडंच. अंड्यातून निघतो तेव्हा तो शेपटीसकट वीतभर असतो, आणि तीन-चार वर्षांत पाच फुटांवर जातो. पण ऊन किती मिळालं, पाला कसला मिळाला, यावर एखादा चार फुटांवर अडतो, दुसरा सहा गाठतो. वाढ हळूहळू मंदावते, मात्र थांबली असं छातीठोक सांगता येत नाही. भेंडीच्या बाबतीत निदान एक आकडा पक्का होता. आखूड करण्याआधी ती एकशे बेचाळीस होती, तसं कार्डावरच छापलेलं. घरी आली तेव्हा एकशे सोळा.

वीज आली. पाच वाजता फोनही आला.

पडद्यावर मल्हार नेहमीसारखा बसलेला होता. आवाज चंद्रावर जाऊन उलट यायला तीन सेकंदं लागत. पहिले काही महिने ही तीन सेकंदं गार्गीला खायला उठायची. नंतर तिला त्यांची सोय वाटू लागली. राहीनं पोळ्याचं सांगितलं, भेंडीला मुलांच्या तान्ह्या पोळ्यात न्यायचंय ते सांगितलं, सासूबाईंनी जेवण कसं जातं ते विचारलं. मग त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला.

"भेंडी किती?"

"एकशे एकोणचाळीस," गार्गी म्हणाली.

राही तोवर भेंडीसाठी जास्वंद तोडायला पळाली होती. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.

हे दिवाळीत सुरू झालं होतं. संस्थेच्या म्हणण्याप्रमाणं तोवर भेंडी भरायला लागायला हवी होती. गार्गीनं खरं ते सांगितलं, एकशे सतरा, आणि मल्हार गप्प झाला. तीन सेकंदं गेली, सहा गेली. त्याची नजर आपल्या हातांवर गेली. पुढच्या रविवारी तिच्या तोंडून एकशे एकोणीस निघून गेलं. फार नाही, दोनच सेंटीमीटर. तो इतका हसला, की त्याच्या पुढच्या रविवारी माघारी फिरायची तिची छाती झाली नाही. संस्थेला खरा आकडा पाठवला तर तो त्याच्या कानावर जाणार, म्हणून संस्थेच्या तक्त्यातही तेच खोटं गेलं. अशी अकरा घरं होती. एकमेकांशी बोलायचं नाही, आकड्यांवर परिणाम होतो, असा नियम होता. कधी कधी तिला वाटे, त्या अकरा घरांतल्या अकरा बायका आपापल्या वह्या लपवून अशाच बोलत असतील तर.

मल्हार खुशीत होता. बोअर ऐंशी मीटरवर गेलं होतं आणि खाली बर्फाची जाड शीर लागली होती. आता पाळी संपते म्हणून दुसऱ्याच्या हाती द्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं. संस्थेनं विचारलं होतं, दुसरी पाळी करता का? आणखी दीड वर्ष. शरीर अजून सातआठ सेंटीमीटर आत घ्यावं लागेल, एवढंच. मंगळवारी सकाळी दहापर्यंत कळवायचं होतं.

"मी अडलो होतो ते याच एका गोष्टीवर," तो म्हणाला. "पण भेंडी भरत आली ना. मग एकदा काय, दोनदा काय. ती भरली तसा मीही भरीन."

फोन संपल्यावर गार्गी बराच वेळ खिडकीची काच पुसत राहिली. मीठ केव्हाच निघालं होतं.

संध्याकाळी सासूबाई दुसऱ्या दिवसाच्या पुरणासाठी डाळ निवडत बसल्या. गार्गी समोर बसली.

"तू पोराले खोटं काऊन सांगतं वं?" सासूबाईंनी मान वर न करता विचारलं.

गार्गीचा हात थांबला.

"पोट्टी नऊ म्हनते. तेरा नवे सतरोदरसे. मले पाढे येतात. एकशे एकोनचाळीस कोन्या गावचे?"

गार्गीनं सगळं सांगून टाकलं. तो गप्प झाला ते, हसला ते, आणि आता दुसऱ्या पाळीला निघाला तेही. सांगता सांगता तिला रडू आलं आणि रडताना रागही आला, कारण सासूबाई मधूनच खडे वेचून बाजूला टाकत होत्या.

"उद्या खरं सांग त्याले," त्या म्हणाल्या. "लेकरू घरी येऊ दे. बुटकं तर बुटकं." मग ताट जरा हलवून म्हणाल्या, "आन् दुसरं आयक. ते जनावर वाढलं हाय."

गार्गीला हसावं की रडावं कळेना.

सासूबाई आपल्या म्हणण्यावर ठाम होत्या. मागच्या तान्ह्या पोळ्याला भेंडी राहीच्या लाकडी गाड्यावर आख्खी मावली होती, आता तिचं शेपूट खाली लोळतं. टपावरून फडताळातल्या लोणच्याच्या बरणीपर्यंत ते पोचत नव्हतं, आता दोनदा झाकण पाडलं. गार्गीनं समजावलं, की ती कधी वेटोळं करते, कधी पसरते, त्यावरून काही ठरत नाही. डोळ्याला रोज बघून भास होतात, म्हणून तर मोजायचं असतं. सासूबाईंनी डाळीचं ताट उचललं. वाढत्या जिवाला मोजू नये असं त्या पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या, ते पुन्हा एकदा म्हणाल्या आणि आत गेल्या.

गार्गी तिथंच बसून राहिली. तिच्याजवळ आता तीन गोष्टी होत्या. वही सांगत होती वाढली नाही. ती स्वतः सांगत होती वाढून पूर्ण होत आली. सासू सांगत होती वाढली, पण किती ते विचारू नको. यातली दुसरी खोटी, एवढं तरी तिला ठाऊक होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

सोमवारी पोळा, मिलला सुट्टी. संस्थेत खटपट करून तिनं सकाळी दहा मिनिटांचा जादा फोन मागून घेतला. राहीला आजीबरोबर फाटेकाकूंकडे धाडलं. पडदा उजळला. मल्हारचा चेहरा काळजीत होता. जादा फोन म्हणजे त्याला कुणाच्या तरी आजारपणाची धास्ती.

"सगळे बरे आहेत," ती आधी म्हणाली. मग म्हणाली, "भेंडी एकशे सतरा आहे."

तीन सेकंदं.

"एकशे एकोणचाळीस म्हणालीस ना काल?"

"खोटं म्हणाले. ती वाढलीच नाही, मल्हार. आली तेवढीच आहे."

"कधीपासून खोटं?"

"दिवाळीपासून."

तो हसला, पण ते हसू निराळं होतं. "पोत्यात एक खडा निघाला तर पोतं परत पाठवणारी बाई तू."

तिनं मान खाली घातली. पुन्हा वर पाहिलं तेव्हा तो उभा राहत होता. इतक्या महिन्यांत तो फोनवर कधी उभा राहिला नव्हता. तिथं गेल्यानंतर पहिल्या आठवड्यात तेवढा राहिला होता, तेव्हा त्याचं डोकं पडद्याबाहेर गेलं होतं आणि राही खिदळली होती, बाबांचं मुंडकं कुठं गेलं म्हणून. आज तो उभा राहिला आणि पडद्यात आख्खा मावला. वर चार बोटं भिंत उरली. अंगानं तो तसाच होता, रेखीव, सगळीकडून सारखा. फक्त लांब उभा असल्यासारखा दिसत होता, आणि लांब तर उभा नव्हता.

गार्गी एकशे अठ्ठावन्न होती, आता त्याच्याहून उंच.

"मग ये तू," ती म्हणाली. "दुसरी पाळी नको. जसा आहेस तसा ये."

तिचं बोलणं तिकडं पोचायच्या आतच त्याचं बोलणं इकडं येऊन पोचलं. "मग येऊन काय करू, गार्गी? इथं आम्ही अकरा जण सगळे एवढेच आहोत. इथं माझ्याशी बोलायला कुणी मान खाली करत नाही."

मग तिचे शब्द त्याच्यापर्यंत गेले असावेत, कारण तो थोडा थांबला. उद्या दहाच्या आधी फोन करतो, काय ते तेव्हाच सांगतो, असं म्हणून त्यानं हात केला. हात करताना तो चटकन खाली बसला.

गार्गीच्या डोक्यात गोंधळ माजला. खोटं ऐकून तो तिथं राहणार होता, कारण आता भीती नव्हती. खरं ऐकून तिथं राहणार होता, कारण आता आशा नव्हती. मग यायला लावणारा आकडा कोणता? असा एखादा आकडा होता का? खऱ्याखोट्याच्या मधला काही? दिवसभर तिनं पुरणपोळ्या लाटल्या, बैलांना ओवाळलं, दारात आलेल्यांच्या हातावर बोजारा, पोळ्याचे ओवाळणीचे पैसे, ठेवला, आणि एकदा शेजारच्या बैलाच्याच हाती ठेवायला निघाली तेव्हा लोक हसले.

मंगळवारी तान्हा पोळा. गल्लीतली मुलं लाकडी नंदी सजवून शाळेच्या मैदानात नेणार होती. राही नंदीऐवजी भेंडीला नेणार होती. गेल्या वर्षी तिला उत्तेजनार्थ पेन्सिल मिळाली होती, आता पहिल्या नंबरवर डोळा होता. सकाळी आठपासून ओसरीवर गाड्याची रंगरंगोटी चालली. सासूबाईंनी बैलांच्या शिंगांना लावून उरलेला गेरू वाटीत कालवून दिला. भेंडीच्या अंगाला काही लावायचं नाही, फक्त गाड्याला, हे राहीनं तीनदा कबूल केलं होतं. भेंडी टपावरून एका डोळ्यानं सगळं बघत होती.

गार्गी बाजूलाच वही उघडून बसली. काही झालं तरी संस्थेच्या तक्त्यातले आकडे आज दुरुस्त करायचे, एवढं तिनं ठरवलं होतं. दिवाळीपासूनचे सगळे. पहिलं पान उलटायला लागली, तेवढ्यात राही तिच्यावर ओणवली. तिचे दोन्ही पंजे मनगटापर्यंत लालभडक झाले होते.

"आई, गाडाच लहान झालाय," ती कुरकुरली. "हिचं शेपूट बाहेर येतं." आणि तोल सावरायला तिनं हात टेकला तो नेमका वहीवर.

गार्गी ओरडणार होती. वही संस्थेची, तिच्यावर गेरूचा डाग. तिनं राहीचं मनगट धरून हात उचलला.

पानावर लाल पंजा उमटला होता. आणि त्याच्या आत, लहानशा बेटासारखी, निळ्या पेनाची ती जुनी आकृती होती. लाल बोटं निळ्या बोटांच्या पुढं गेली होती. करंगळी रेघेबाहेर, अंगठा रेघेबाहेर. खाली गार्गीच्याच नीटस अक्षरात लिहिलं होतं, एक वीत म्हणजे तेरा सेंटीमीटर.

"हा कुणाचा हात?" निळ्या रेघेकडं बोट करून राहीनं विचारलं.

"तुझाच."

"एवढुसा?"

गार्गीनं राहीला हात ताणून धरायला सांगितलं. घरातली पट्टी आणली. अंगठ्याचं टोक, करंगळीचं टोक. चौदा, आणि वर तीन रेघा. तिनं पुन्हा मोजलं. राहीच्या हाताला गुदगुल्या झाल्या. तिसऱ्यांदाही चौदा आणि तीन रेघाच.

नऊ विती. पण कुठल्या राहीच्या?

तिनं समासात गुणाकार केला. हातचा चुकला, पुन्हा केला. जवळजवळ एकशे एकोणतीस. भेंडी वाढत होती. सव्वा वर्ष ती गुपचूप वाढत होती, आणि तिला मोजणारा हातही तिच्याबरोबर वाढत होता. दोघींनी मिळून नऊ कधी सोडलं नाही. गार्गी दर सोमवारी मिलमधला काटा तपासत होती, आणि हा हात तिनं पहिल्या पानावर आखून तिथंच सोडून दिला होता.

म्हणजे काल मल्हारला सांगितलेलं खरंही खोटं होतं. पण म्हणून आधीचं खोटं खरं होत नव्हतं. एकशे बेचाळीस अजून तेरा सेंटीमीटर लांब होतं. भेंडी वाटेवर होती, की इथंच अडली होती? मागच्या महिन्यात वाढली, की दिवाळीतच थांबली? कुठल्या रविवारी राहीची वीत किती होती, हे आता कुणाला सांगता येणार? साठेक आकडे, आणि त्यांतला एकही धड खोटासुद्धा नाही.

"मी म्हनलं नव्हतं?" सासूबाई दारातून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात नेहमीचा टोमणा नव्हता. त्या पानाकडं बघत होत्या आणि पदरानं डोळ्याची कड टिपत होत्या.

आत फोन वाजायला लागला. घड्याळात साडेनऊ झाले होते.

गार्गी उठली. काय सांगायचं? निम्मा भरशील बहुतेक. कदाचित पुढंही भरशील, मला माहीत नाही, मी चुकीचं मोजलं. तू ये, आपण दोघं मिळून नीट मोजू. हे त्याला पुरेल का? घरी ओढून आणायला एवढं पुरतं का? फोन वाजतच होता. तिनं एक पाऊल आत टाकलं आणि तिच्या लक्षात आलं, की राहीनं तिचा पदर धरून ठेवला आहे, गेरूच्या हातानं.

"म्हणजे भेंडी वाढत होती, आई?"

"हो. बहुतेक."

"आणि मी पण?"

"तू पण."

राहीनं वहीवरचा तो लहान निळा हात पाहिला. मग स्वतःचा पंजा डोळ्यांसमोर धरून, बोटं ताणून, उलटासुलटा करून पाहिला, जणू तो तिला आत्ताच कुणी आणून दिला होता. मग मान वर करून तिनं आईकडं पाहिलं.

"मग माझा हात मोठा होत होता, तेव्हा तू कुठं बघत होतीस?"